आर्थर क्रॉफर्डचा हिशेब : मुंबई नगरपालिकेतील १८७१ चा वाद

१/
मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी आयुक्त मांडतात, महापौर नव्हे. आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी असतो. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने त्याच्या आकड्यांवर चर्चा करावी, काटछाट सुचवावी, मंजुरी द्यावी; प्रत्यक्ष खर्च करणारा हात मात्र आयुक्ताचाच. महापौर शहराचा प्रथम नागरिक, पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नाही. ही रचना वसाहतवादी सरकारने गुपचूप लादली, असा सर्वसाधारण समज आहे. खरी कथा याहून गुंतागुंतीची आहे. तिच्या मुळाशी १८७१ सालचे एक जाहीर भांडण आहे, आणि त्यात जिंकलेल्यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य झाले नाही, तर हरलेल्या एका तरुणाचे म्हणणे बरेचसे कायद्यात उतरले.

२/
प्रथम पार्श्वभूमी. १८६५ पूर्वी मुंबईचा नागरी कारभार म्हणजे प्रयोगांची मालिका होती. १८४५ मध्ये ‘कॉन्झर्व्हन्सी बोर्ड’ नेमले गेले. ते चालेना, म्हणून १८५८ मध्ये तीन आयुक्त नेमण्यात आले. तिघांना समान अधिकार दिले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हा धडा सात वर्षांत मिळाला. गटारे तुंबलेली, रस्ते अरुंद, कत्तलखाने भर वस्तीत. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळांतून शहरात आले ही या काळातील मोठीच कमाई. पण त्याच्या खर्चाचा बोजाही पुढे कर्जरूपाने नगरपालिकेच्या माथी बसला.

३/
याच सुमारास मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका, जमीन-भरणी कंपन्या, त्यांचे शेअर आणि त्या शेअरांवरील वायदे यांचे उधाण आले. शहर अचानक श्रीमंत झाले आणि माणसांनी खचाखच भरले. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ नोंदली गेली.

४/
१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. मुंबईतील वायद्यांची मोठी मुदत १ जुलै १८६५ रोजी भरत होती. त्या दिवशी कागदावरची श्रीमंती कागदावरच राहिली. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखे सम्राट कोसळले, पुढे बॉम्बे बँकही बुडाली.

आणि त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या नव्या नगरपालिकेचा कारभार सुरू झाला. खर्चाची सर्वाधिक हौस असलेला अधिकारी शहराला मिळाला तो शहराचे खिसे रिकामे होत असतानाच. पुढील सहा वर्षांच्या संघर्षाचे बीज या योगायोगात आहे.

५/
१८६५ च्या कायद्याने काय केले? मुंबईच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींना मिळून एक संस्था बनवले आणि शहराची मालमत्ता तिच्या नावे केली. हे जस्टिस म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ : युरोपीय व्यापारी व अधिकारी, पारशी शेठ, गुजराती व मराठी सावकार, वकील, डॉक्टर. संख्या शेकड्यांत, पद तहहयात. त्यांच्या सभांना अनेक जण फिरकतही नसत. या मंडळाच्या जोडीला सरकारने नेमलेला एकच आयुक्त, आणि प्रत्यक्ष कारभाराचे जवळजवळ सर्व अधिकार त्याच्या हाती. वार्षिक अंदाजपत्रकाला जस्टिसांची मंजुरी आवश्यक होती, हिशेबांवर नियंत्रणासाठी एक अधिकारीही होता. कागदावर सगळे ठीक होते.

६/
पहिला आयुक्त झाला आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. सनदी अधिकारी, तिशीच्या आसपासचा, कमालीचा उत्साही, बोलण्यात मोहक, आणि पैशाच्या बाबतीत, सौम्य शब्दांत सांगायचे तर, सैल. त्याच्याबरोबर आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट होते, पुढे कार्यकारी अभियंता म्हणून कॅप्टन हेक्टर टुलॉक आले. या मंडळींनी शहर अक्षरशः उकरून काढले. रस्ते रुंद केले, नवे काढले. वस्तीतले कत्तलखाने वांद्र्याला हलवले. सखल, दुर्गंधीयुक्त जमिनी भरून घेतल्या. जुन्या कोंदट बाजारांच्या जागी भव्य मंडई उभी केली. तिचा आराखडा विल्यम इमर्सनचा, आणि दर्शनी भागावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांचे. क्रॉफर्ड मार्केट म्हणतात ते हेच.

७/
ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर प्रथमच गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाऊ लागला, तशी त्याच्या मागे कुतूहलाने गर्दीही चालू लागली. खर्चाच्या वादात हे दृश्य विसरता कामा नये. ज्या माणसांना नगरपालिका म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांना ती प्रथम या दिव्यांत दिसली.

८/
आता सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या सेवेकडे वळावे लागते. घराघरांतील मैला डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहून नेणाऱ्या माणसांना मुंबईत ‘हलालखोर’ म्हणत. हे काम जातीने ठरलेले होते. पूर्वी त्याचा मोबदला घरमालकाशी खाजगी व्यवहाराने ठरे. नगरपालिकेने हे काम आपल्या हाती घेतले आणि त्यासाठी स्वतंत्र ‘हलालखोर कर’ बसवला. म्हणजे मुंबईच्या अंदाजपत्रकात अस्पृश्यतेला स्वतःचे खाते होते. करदात्यांनी या कराविरुद्ध तक्रारी केल्या. पण वादाचा मुद्दा कराचा दर हा होता, ते काम कोणाच्या डोक्यावर आहे हा नव्हता. टाउन हॉलमधील गाजलेल्या भाषणांत त्या माणसांना स्थान नाही.

९/
करांची यादी लांब होती. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, हलालखोर कर, गाड्याघोड्यांवरील कर, शहरात येणाऱ्या मालावरील जकात. शिवाय शहराच्या पोलीस खर्चाचा मोठा वाटा सरकार नगरपालिकेकडून वसूल करी, आणि त्या पोलिसांवर नगरपालिकेची काडीची सत्ता नसे.

यांतील सर्वांत झोंबणारा कर घरपट्टीचा. तो घराच्या भाड्याच्या अंदाजावर आकारला जाई. १८६४ मध्ये भाडी आकाशाला भिडली होती. मंदीनंतर ती कोसळली. १८७२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी! दोन गणतींच्या पद्धतीत फरक होता हे मान्य करूनही, घरे रिकामी पडली हे उघड आहे. घरमालकाचे उत्पन्न घटले, कर मात्र वाढत गेला, आणि भाडेकरूंची चणचण असल्याने तो त्यांच्या माथी मारणेही अवघड झाले. घरमालक संतापला नसता तरच नवल.

१०/
क्रॉफर्डची पद्धत अशी की आधी खर्च करावा आणि मग मंजुरी मागावी. काम अर्धे झालेले असताना जस्टिसांपुढे प्रस्ताव येई. तेव्हा नकार देणार कसा? अर्धी बांधलेली भिंत पाडण्याचा ठराव कोण मांडणार? अंदाज ओलांडले गेले, कर्ज वाढले, कंत्राटदारांची देणी साचली. हिशेब ठेवणारा अधिकारी होता, पण आयुक्ताचा हात धरण्याइतके बळ त्याला कायद्याने दिले नव्हते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या काळात क्रॉफर्डने स्वतःच्या खिशात पैसे घातले, असा मुख्य आरोप नव्हता. आरोप होता तो बेहिशेबी कारभाराचा, म्हणजे शहराचा पैसा शहरासाठीच, पण शहराला न विचारता उधळल्याचा. चोरीपेक्षा हा आरोप सिद्ध करणे सोपे असते आणि त्यावर निवाडा करणे अवघड.

११/
१८७१ मध्ये स्फोट झाला. करदात्यांच्या सभा भरू लागल्या, अर्ज लिहिले गेले, वर्तमानपत्रांत रकाने पेटले. या चळवळीचे पुढारी एका जातीचे वा एका वर्णाचेही नव्हते, ही तिची विशेषता. युरोपीय व्यापारी जेम्स फोर्ब्स, ‘बॉम्बे गॅझेट’चा तिखट संपादक मॅक्लीन, आणि ‘लोकांचा कैवारी’ म्हणून प्रसिद्ध असलेले वयोवृद्ध नौरोजी फर्दुनजी. ‘नेटिव्ह ओपिनियन’चे संस्थापक, कायदेपंडित विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी मंडळीही हिशेबाच्या प्रश्नावर टीकाकारांत होती. इंग्रज, पारशी, हिंदू, मुसलमान घरमालक एकाच बाकावर बसले. मुंबईत ‘जनमत’ नावाची गोष्ट आकाराला येताना दिसते ती अशा सभांत, आणि तिला एकत्र आणणारे सूत्र होते घरपट्टी.

१२/
१८७१ च्या उन्हाळ्याअखेर टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे त्या वास्तूत, जस्टिसांची वादळी सभा भरली. एरवी ओस पडणारे सभागृह श्रोत्यांनी भरून गेले. फोर्ब्स पक्षाची मागणी थोडक्यात अशी : एका माणसाच्या हाती इतकी सत्ता हेच अनर्थाचे मूळ आहे, म्हणून कार्यकारी सत्ता आयुक्ताकडून काढून एका नगर समितीकडे द्यावी, आणि त्या समितीत करदात्यांचे प्रतिनिधी असावेत.

मागणी ऐकताच योग्य वाटते. आजही वाटेल.

१३/
क्रॉफर्डच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. सहा वर्षांपूर्वीची मुंबई आठवा, असे ते सांगत. मृत्यूचे प्रमाण उतरले होते, याची कबुली विरोधकही देत. मंडई उधळपट्टी असेल, पण सडलेले मांस आणि चिखलातली भाजी विकणारे जुने बाजार परत हवेत काय? आणि हेही विचारण्यासारखे होते की सहा वर्षे जस्टिस काय करीत होते? अंदाजपत्रके त्यांच्यापुढेच आली होती. हात वर झाले होते ते त्यांचेच.

हा शेवटचा प्रश्न सर्वांना अडचणीचा होता, म्हणून तो फारसा कोणी विचारला नाही. विचारला तो एका तरुणाने.

१४/
फिरोजशहा मेहता १८६८ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले होते. २९ नोव्हेंबर १८७१ रोजी धोबी तलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मुंबईच्या नगरपालिका-सुधारणेवर एक निबंध वाचला. वय वर्षे २६. सभागृहात बहुसंख्य श्रोते करदाता पक्षाचे. क्रॉफर्ड हा मुंबईला लाभलेला कर्तबगार आयुक्त होता, असे त्या श्रोत्यांसमोर म्हणणे म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला हात घालणे. आरडाओरड झाली, हुर्यो उडाली, सभा गोंधळात संपली. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या माणसाच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ हा असा झाला.

१५/
निबंधातील तर्क आजच्या वाचकानेही सावकाश समजून घ्यावा असा आहे.

मेहतांचे म्हणणे : दोष एकट्या माणसाच्या हाती कारभार असण्यात नाही. तीन आयुक्तांचा प्रयोग शहराने पाहिला आहे, मंडळाचाही पाहिला आहे. समितीने राबवलेला कारभार म्हणजे जबाबदारीची वाटणी, आणि वाटलेली जबाबदारी म्हणजे नाहीशी झालेली जबाबदारी. रस्ता खोदायचा, गटार बांधायचे, कर वसूल करायचा तर हुकूम एकाचाच हवा. दोष आहे तो त्याच्यावर देखरेख करणाऱ्यांत. जस्टिस कोणाला उत्तरदायी आहेत? सरकारने त्यांना नेमले, करदात्यांनी नाही. जे कोणाचे प्रतिनिधी नाहीत ते कोणाच्या वतीने हिशेब विचारणार? म्हणून सत्ता वाटू नका. देखरेख करणारे सभागृह निवडून आणा, आणि हिशेब तपासणारा अधिकारी आयुक्तापासून स्वतंत्र करा.

१६/
म्हणजे करदाता पक्षाला हवी होती कारभार चालवणारी समिती. मेहतांना हवे होते कारभाराला जाब विचारणारे निर्वाचित सभागृह. दोन्ही पक्ष निवडणुकीच्या दिशेनेच निघाले होते. वाटा वेगळ्या होत्या. हिंदी लोकांना निवडणुकीची सवय नाही, हा तेव्हाचा सर्रास आक्षेप. मेहतांनी तो फेटाळला. गावगाडा आणि जातपंचायती चालवणाऱ्या समाजाला सामूहिक कारभाराची ओळख नाही, असे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. या उत्तरात थोडे वकिली चातुर्य आहे. जातपंचायत म्हणजे निर्वाचित सभागृह नव्हे, आणि ती कोणाकोणाला बाहेर ठेवते हे मेहतांना माहीत नसण्याचे कारण नाही. पण १८७१ मध्ये, काँग्रेसच्या स्थापनेच्या १४ वर्षे आधी, प्रातिनिधिक सभागृहाची मागणी इतक्या स्पष्ट रीतीने मांडली गेली, हे त्याचे महत्त्व.

१७/
क्रॉफर्डला पद सोडावे लागले. सरकारने नवा कायदा केला : १८७२ चा मुंबई कायदा क्रमांक ३. त्यानुसार ६४ सदस्यांचे नगरमंडळ अस्तित्वात आले. ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने नेमायचे. आर्थिक देखरेखीसाठी १२ जणांची ‘टाउन कौन्सिल’. तिच्यातील ८ नगरमंडळाचे, ४ सरकारचे. आयुक्त कायम राहिला, कारभार त्याच्याच हाती राहिला, पण त्याच्या हिशेबांवर आता समितीची आणि लेखापरीक्षकांची नजर बसली. गोंधळात बंद पडलेल्या निबंधाचा सांगाडा या रचनेत ओळखू येतो. नव्या नगरमंडळाची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

१८/
मात्र ‘करदाता’ म्हणजे कोण? मतदानाचा हक्क वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्याला होता. साडेसहा लाखांच्या शहरात असे लोक एक टक्काही नव्हते. चाळीतला भाडेकरू, गिरणी कामगार, गोदीतला हमाल, हलालखोर, आणि सर्व स्त्रिया यांना मत नव्हते. वस्तुतः भाड्यातून आणि जकातीतून तेही कर भरतच होते. फक्त त्यांच्या नावाची पावती फाटत नव्हती.

याचे परिणाम अंदाजपत्रकात दिसले. घरमालकांनी निवडलेले सभागृह घरपट्टी वाढवायला नाखूश असणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. काटकसर हा नव्या सभागृहाचा धर्म झाला. पाण्यासाठी तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला, तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले; या कामांवरही भरपूर खल झाला, पण पाणी सर्वांनाच हवे असते. गटारांची गोष्ट निराळी. गटार जमिनीखाली असते, त्यावर नाव कोरता येत नाही, आणि ज्या गल्लीत ते नसते तिथे सभासद राहत नसतो. गटारांच्या मोठ्या योजनांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला.

१९/
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ते स्वतः नगरमंडळाचे सदस्य होते. गोदामे, दाट वस्ती, तुंबलेली गटारे यांच्या मध्यभागी रोग उभा राहिला आणि हजारो लोक शहर सोडून पळाले. प्लेग पिसवांमुळे व उंदरांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. दोष गटारांवर गेला. त्यामुळे ‘काटकसरीने प्लेग आणला’ असे म्हणणे शास्त्रदृष्ट्या सैल ठरेल. पण ज्या वस्त्यांवर सभागृहाने खर्च टाळला, त्याच वस्त्यांत माणसे अधिक मेली, हे नाकारता येत नाही. १८९८ मध्ये सरकारने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापला आणि शहर-सुधारणेचे मोठे काम नगरमंडळाच्या बाहेर नेले. खर्च टाळणाऱ्या सभागृहाने अधिकारही गमावले.

२०/
मधल्या काळात १८८८ चा कायदा झाला. नगरपालिका आयुक्त ऑलिव्हंट यांनी तयार केलेल्या मूळ मसुद्यात आयुक्ताचे पारडे जड होते. विधिमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या जोडीने तो मसुदा कलमागणिक लढवला. एकेकाळी आयुक्ताची बाजू घेणारे मेहता आता सभागृहाची बाजू लढवत होते. यात विसंगती नाही, १८७१ चाच सिद्धान्त आहे. कारभार एकाचा, पण मालक सभागृह. सदस्यसंख्या ७२ झाली, ३६ जागा प्रभागांतून निवडून येऊ लागल्या. स्थायी समिती हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या रोजच्या वापरात आला तो याच कायद्याच्या रचनेतून. अनेक दुरुस्त्यांसह हा कायदा आजही लागू आहे.

२१/
पोलीस खर्चाचा वाद तर पिढीभर चालला. ज्यांच्यावर आमचा अधिकार नाही त्यांचा पगार आम्ही का द्यावा, हा नगरमंडळाचा प्रश्न; शहराच्या रक्षणाचा खर्च शहरानेच द्यावा, हे सरकारचे उत्तर. अखेर १९०७ च्या कायद्याने अदलाबदल झाली : पोलीस खर्च सरकारने उचलला, आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेची जबाबदारी नगरपालिकेने. महापालिकेच्या शाळा आणि रुग्णालये आज जितकी मोठी आहेत त्यामागे या तडजोडीचाही हात आहे.

त्याच वर्षी काही युरोपीय अधिकारी आणि ‘टाइम्स’चे संपादक लोवॅट फ्रेझर यांनी गट करून मेहतांना जस्टिसांच्या मतदारसंघात पाडले. १६ जागांच्या निवडणुकीत मेहता सतरावे आले. मग निवडून आलेल्यांपैकी एकाचे नगरपालिकेशी कंत्राटी संबंध असल्याचे निघाले, तो अपात्र ठरला, आणि मेहता सभागृहात परतले. कंत्राटदार-सदस्य ही व्यक्तिरेखा मुंबईत नवी नाही.

२२/
क्रॉफर्डचे पुढे काय झाले हे मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते, फक्त तो हाच क्रॉफर्ड हे लक्षात राहत नाही. तो पुढे मध्य विभागाचा आयुक्त म्हणून पुण्यात होता. १८८८ मध्ये, म्हणजे नवा नगरपालिका कायदा संमत झाला त्याच वर्षी, हणमंतराव या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी झाली. लाचखोरीच्या आरोपांतून चौकशी मंडळाने त्याला सोडले. हाताखालच्यांकडून कर्जे घेतल्याचे मात्र सिद्ध झाले आणि नोकरी गेली. अभय देऊन ज्या मामलेदारांची साक्ष घेतली, त्यांच्यावरच नंतर सरकार उलटले. त्या मामलेदारांची बाजू घेऊन उभे राहिले ते लोकमान्य टिळक.

या प्रकरणाच्या प्रकाशात १८७१ कडे पाहून ‘तेव्हापासूनच तो लबाड होता’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुरावा तितका ताणू नये. हिशेबाची बेफिकिरी आणि लाच यांत अंतर असते. पण ते अंतर कापायला क्रॉफर्डला किती वेळ लागला, हा प्रश्न उरतोच.

२३/
आणि त्याची मंडई? जिच्या खर्चावरून करदाते चवताळले ती इमारत आजही उभी आहे. स्वातंत्र्यानंतर तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले.

जोतिराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्यावर नगरपालिका खर्च करते, तर दुकाने वाढू देणे हे त्याच खर्चावर पाणी ओतणे, असा त्यांचा रोख होता. पुण्यात मोठी मंडई बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा जोतिराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. इतका पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे मत होते. बहुमत दुसऱ्या बाजूला होते. मंडई बांधली गेली, १८८६ मध्ये सुरू झाली, आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव दिले गेले.

१९३८ मध्ये आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’ची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. आज मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या सर्वांत प्रसिद्ध मंडयांवर त्याच सदस्याचे नाव आहे, ज्याने मंडईच्या खर्चाविरुद्ध मत दिले होते.